वहीत न मांडलेला खर्च

सकाळी सव्वासातच्या सुमाराला आमच्या इमारतीखाली ढकलगाडी येते. तिचं पुढचं एक चाक वाकडं आहे, त्यामुळे फरशीवरून येताना ती ठेक्यात खडखडते आणि त्या आवाजावर घराघरांची दारं उघडतात. गाडी घेऊन येणाऱ्या मावशी ओल्या कचऱ्याची बादली रिकामी करण्याआधी तिच्यात डोकावतात. भाजीच्या देठांत दुधाची पिशवी दिसली की ती ओढून काढतात, झटकतात आणि गाडीच्या दांडीला अडकवलेल्या पोत्यात टाकतात. एकदा मी त्यांना विचारलं, दोन पिशव्या दिसायला सारख्याच, मग एक या पोत्यात आणि दुसरी त्या पोत्यात का? त्यांनी दोन्ही पिशव्या माझ्या कानाशी नेऊन चुरगाळल्या. एक कुरकुरली, दुसरी गप्प राहिली. "कुरकुरणारीला भाव नाही मिळत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या जिन्याकडे वळल्या.

उद्योजक हा शब्द या मावशींना कुणी लावत नाही. त्या मात्र एका सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, म्हणजे त्या संस्थेच्या मालकांपैकी एक आहेत. ठरावीक घरं त्यांच्याकडे, त्या घरांचं महिन्याचं शुल्क त्यांचं आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्रीही त्यांचीच. भांडवल म्हणाल तर एक गाडी, दोन हात आणि कुठल्या वस्तूला काय भाव येतो याचं पक्कं ज्ञान. ज्या पुस्तकासाठी मी ही प्रस्तावना लिहिते आहे, त्यात भेटणारी बरीच माणसं अशीच आहेत. कुणी सरपंच आहे, कुणी शेतकरी बाई, कुणी कारखाना चालवणारा इंजिनिअर. एका ठिकाणी तर अख्खी ग्रामसभाच आहे. या सगळ्यांना एका माळेत ओवणारं सूत कोणतं, हा प्रश्न हस्तलिखित वाचताना माझी पाठ सोडत नव्हता. झाडांवरचं, नद्यांवरचं प्रेम म्हणावं तर ते पुरत नाही. तसं प्रेम पुष्कळांकडे असतं आणि त्यातून सहल निघते, संस्था उभी राहत नाही. मला सापडलेलं उत्तर साधं आहे. या प्रत्येकाने कधी ना कधी एक हिशेब मांडला. इतर लोक जो खर्च शेजाऱ्याच्या, नदीच्या किंवा नातवंडांच्या नावावर टाकून मोकळे होतात, तो यांनी आपल्या वहीत लिहिला आणि ती वही चारचौघांत उघडी ठेवली.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत तो एका हिशेबनीसानेच रुजवला होता. जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबतपासनिसाचं शिक्षण घेतलं, मुंबईत व्यवसाय केला आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. हिंदुस्थान गरीब का, याचं उत्तर ते सरकारी जमाखर्चात शोधत होते. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याचे सचिव कुमारप्पा होते. मगनवाडीत हातकागद, तेलघाणी, मधमाश्यापालन असे प्रयोग सुरू झाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील तिथे तयार झाला. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय वर्ध्यात आजही पाहता येतं. विदर्भात गेलात तर एक दिवस राखून ठेवावा असं ते ठिकाण आहे.

तुरुंगात असताना कुमारप्पांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं. ते १९४५ साली आलं. दुसऱ्याच्या मुळावर उठून जगणाऱ्यापासून काही न मागता देणाऱ्यापर्यंत जगण्याच्या चढत्या पायऱ्या त्यांनी त्यात सांगितल्या आहेत. उद्यमाच्या पायरीवर त्यांनी मधमाशी बसवली. ती फुलाकडून घेते, पण घेता घेता त्या झाडाचं काम करून जाते. आज परदेशी शब्दांच्या टोपल्या भरभरून जे शिकवलं जातं, ते या माणसाने ऐंशी वर्षांपूर्वी मधमाशीच्या दाखल्यावर सांगून ठेवलं होतं. त्याचं नाव आपल्या व्यापार-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत सहसा निघत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कुमारप्पांनंतरचं दुसरं नाव विलासराव साळुंके यांचं. हा माणूस उद्योजक होता, आणि तोही अचूकतेच्या धंद्यातला: पुण्यात त्यांचा मोजमापाची उपकरणं बनवणारा कारखाना होता. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी शेतकऱ्यांची कुटुंबं त्यांनी पाहिली. स्वतःची जमीन असलेली माणसं दगड फोडत होती. पाऊस कमी, हे खरं. पण पडतो तेवढा पाऊस जातो कुठे, हा प्रश्न त्यांना इंजिनिअर म्हणून पडला. नायगावच्या देवस्थानाकडून त्यांनी ४० एकर पडीक माळ भाडेपट्ट्याने घेतला आणि कुटुंबासह तिथे जाऊन राहिले. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर काढली. ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथे पीक उभं राहिलं. कल्पनाताई साळुंके या सगळ्यात बरोबरीने होत्या.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या परिचयाची वाटेल. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण शाळेच्या भिंतींवर वाचत आलो आहोत. साळुंक्यांचं मोठेपण त्याच्या पुढे आहे. पाणी आलं, आता ते कुणाचं? आपल्याकडची रीत अशी की ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त आणि ज्याची मोटार दांडगी त्याचं त्याहून जास्त. साळुंक्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने ही रीतच बाजूला ठेवली. पाणी जमिनीला मिळणार नाही, माणसाला मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंब केवढंही असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आधी स्वतः उभा करायचा. आणि पाळीप्रमाणे पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी.

या नियमांतला प्रत्येक शब्द कुणाच्या ना कुणाच्या हितसंबंधाला धक्का देणारा होता. 'ऊस नाही' हे चार अक्षरांचं वाक्य पुणे जिल्ह्यात उच्चारायला किती धैर्य लागतं, ते त्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको. मायक्रोमीटरवर काम करणाऱ्या माणसाने समाजाच्या मोजमापाचं एकक बदललं, एकराच्या जागी माणूस ठेवला, आणि सगळं गणित उलटं झालं. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. उपसा सिंचनाचं वीजबिल, उसाची ओढ, पुढच्या पिढीतले तंटे, यांत काही बंद पडल्या. २००२ साली साळुंके गेले. तरीही पाण्याच्या समन्यायी वाटपाबद्दल महाराष्ट्रात कुणी बोलायला उभं राहिलं की ते नायगावचंच बोट धरून बोलतं.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची कीर्ती इतकी झाली आहे की तिथल्या डोंगराबद्दल पुन्हा लिहिण्यात हशील नाही. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गाव ज्या हलाखीत होतं त्यातून श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांच्या जोरावर वर आलं. मला तिथली एकच गोष्ट पुढे करायची आहे, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की वर्षभरात किती पाऊस पडला, विहिरींना किती पाणी आहे याची मोजणी होते. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरेल त्यात रब्बीला काय पेरायचं आणि किती, हे ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. आपल्या राज्यात शेकडो गावांत बंधारे झाले, ट्रॅक्टरभर फोटो निघाले आणि दोन वर्षांत त्या वाढलेल्या पाण्यावर नवे बोअर घेतले गेले. पाणी साठवणं हे अर्धं काम. साठलेलं पाणी पाहूनही हात आवरणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, कारण या पुस्तकातल्या कौतुकाच्या सुरात ती हरवू नये. बंदी सगळ्यांवर सारखी असली तरी तिची झळ सारखी नसते. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या राखून जगणाऱ्या भूमिहीनाला बसतो. ज्याच्या बांधावर चारा आहे त्याला त्या बंदीची किंमत फारशी मोजावी लागत नाही. म्हणून कुठल्याही आदर्श गावाची गोष्ट वाचताना मी आधी विचारते की ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याच्या वाट्याला शेवटी काय आलं? नायगावचा नियम मला एवढा मोलाचा वाटतो तो यामुळेच. तिथे भूमिहीनाचं नाव पहिल्या दिवसापासून वहीत होतं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाबद्दल मात्र सविस्तर सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती यांनी तिला कामाची जोड दिली. गावात निर्णय बहुमताने होत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. बाहेरच्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण बहुमताने हरलेला माणूस रात्री जंगलात जाऊन नियम मोडतो, आणि ज्याचं म्हणणं ऐकून घेतलं आहे तो सहसा मोडत नाही, हे व्यवहारज्ञान त्या पद्धतीत आहे. शिवाय गावात अभ्यासगट बसतात. कायदा, जंगल, मध, जो विषय पुढे येईल त्याचा अभ्यास करून मगच ठरवायचं. मधाचं पोळं जाळून, माश्या मारून मध काढायची रीत सोडून, पोळ्याचा फक्त मध असलेला भाग कापून घ्यायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, ही पद्धत त्यांनी याच वाटेने शिकून घेतली. कुमारप्पांची मधमाशी तिथे अशी पुन्हा भेटते.

वनहक्क कायदा २००६ साली आला. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात आला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. बांबू हे खरं तर गवत. पण १९२७च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवलं होतं, आणि त्या एका शब्दावर अख्ख्या गावाचा रोजगार अडून राहिला. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला असताना हा वाद चालला. अखेर एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रातल्या मंत्र्याला गडचिरोलीच्या जंगलात यावं लागलं, यातच सगळं आलं. पावतीपुस्तक हातात आल्यावर विक्री ग्रामसभा करू लागली, दरही तीच ठरवू लागली. कोवळे वास्ते सोडून पक्का बांबू तोडला तरच ते बेट पुढच्या वर्षी पुन्हा देतं, हे ज्या लोकांना ठाऊक आहे, त्यांच्याच हाती कोयताही आहे आणि वहीही.

शहराची गोष्ट वेगळी. शहरात जंगल नाही, समाईक माळ नाही; आहे तो कचरा. पुण्यात १९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. उकिरड्यात हात घालण्यापेक्षा घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर कमाई वाढेल आणि कुत्र्यांचे चावे, काचांच्या जखमा कमी होतील, एवढीच साधी मागणी होती. ती कुठे मार्गी लागते आहे तोवर एका खासगी व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. कचरा स्वच्छ उचलला जाणार होता, रस्ते नीट राहणार होते. फक्त हातावर पोट असलेल्या या बायका वहीतून कटणार होत्या. त्या रस्त्यावर उतरल्या. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ज्या वस्तू वेचून जगायचं त्यांचीच नावं संघटनेला दिली, हे मला फार आवडतं.

पंचायतीने मोर्चे काढले तसा अभ्यासही केला. वेचक बायका रोज किती भंगार गोळा करतात, तेवढा कचरा पालिकेच्या गाडीने वाहून न्यावा लागला असता तर किती खर्च आला असता, हे मोजलं. इतकी वर्षं शहर या बायकांच्या फुकट श्रमावर पैसे वाचवत होतं आणि वर त्यांनाच चोर म्हणत होतं, हे आकड्यांत दिसलं. आकडे मांडल्यावर पालिकेला नाही म्हणणं अवघड गेलं. २००२-०३मध्ये पुणे महानगरपालिकेने वेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. पुढे 'स्वच्छ' ही वेचकांच्या पूर्ण मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिने पालिकेशी करार केला. आज तिच्या सभासदांची संख्या तीन हजारांच्या वर आहे. करार संपला की दरवेळी टांगती तलवार, मोठ्या ठेकेदारांचे प्रस्ताव दारात उभे, हेही चालू आहे. शहराचा एवढा खर्च वाचवणाऱ्या बायकांना पुढच्या वर्षी काम राहील की नाही याची धास्ती असावी, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

कोकणातल्या वेळासच्या प्रकरणाकडे मी वाचकांचं खास लक्ष वेधते. मंडणगड तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी सापडत. अंडी लोक खात, विकत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ साली तिथे घरटी राखायचं काम सुरू केलं. पहाटे पुळणीवर फेरी मारायची, मादीच्या मागाच्या खुणा शोधायच्या, अंडी कुंपणातल्या खड्ड्यात तशाच ओळीने ठेवायची. पन्नास-पंचावन्न दिवस वाट पाहायची. हे काम गावातली मुलं करू लागली आणि मग पिल्लं पाहायला लोक येऊ लागले. उतरायला हॉटेल नाही, म्हणून घराघरांत सोय झाली. ओसरीवर गाद्या पडल्या, चुलीवर घावनं, उकडीचे मोदक आले आणि बायकांच्या हातात स्वतःच्या कष्टाचा पैसा आला.

तिथली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घरट्यांवर बांबूच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी त्या उचलून पाहतात. आम्ही साठ-सत्तर माणसं दोरीच्या अलीकडे उभी होतो. कासवमित्र पोराने पहिली टोपली उचलली. खाली नुसती वाळू. दुसरी उचलली, वाळू. तिसरीखाली मुठीत मावेल एवढं काळं काहीतरी हललं. एक पिल्लू. साठ माणसांसाठी एकच. पोराने ते समुद्रापासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवलं. पाण्यापर्यंतचं अंतर त्यालाच चालू द्यायचं असतं. ते दोनदा उलटं फिरलं, एका पावलाच्या ठशात अडकलं, पुन्हा निघालं. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी वैतागून विचारलं, "एवढ्या लांबून आलो, जास्त पिल्लं नाहीत का?" तो पोरगा शांतपणे म्हणाला, "आज एवढंच आहे, काका." त्याला हवं असतं तर घरट्यात हात घालून आणखी चार पिल्लं काढता आली असती. पाहुणे खूश झाले असते, पुढच्या वर्षी अधिक आले असते. तो 'आज एवढंच' म्हणाला आणि टोपल्या पुन्हा पालथ्या घालून मोकळा झाला.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून मी एवढंच सांगते की त्यांची बियाण्याची बँक ही खऱ्या अर्थाने बँक आहे. नेलेलं बियाणं पीक आल्यावर वाढवून परत करायचं, म्हणजे ठेव वाढते आणि वाण गावोगाव पसरतो. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्याच यादीत पोपटराव पवारही होते. मातीच्या मडक्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून जपलेल्या वालाच्या बिया ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ठेव या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

अलीकडे हिरवं पान छापलेलं नाही असं वेष्टन दुकानात सापडणं कठीण झालं आहे. त्या पानांना फसू नये यासाठी हे पुस्तक उपयोगी पडेल असं मला वाटतं. एखादा उद्योग पर्यावरणपूरक आहे असं कुणी सांगितलं तर त्याने काय करायला स्वतःला मनाई केली आहे, ते विचारावं. मागणी दुप्पट झाली तरी तो कुठे थांबणार आहे? हिशेब कुणाला पाहता येतो? नायगावला, मेंढ्याला, वेळासला या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ आहेत.

आमच्या सोसायटीचं सांगायचं राहिलं. कचऱ्याच्या शुल्काचा विषय सभेत आला तेव्हा दीड तास वाद झाला. आम्ही महानगरपालिकेचा कर भरतो, पुन्हा वेगळे पैसे कशाला, असं अनेकांचं म्हणणं होतं. शेवटी खजिनदारांनी काही न बोलता लिफ्टच्या देखभालीचा वर्षाचा खर्च वाचून दाखवला आणि त्याखाली मावशींच्या शुल्काचा आकडा वाचला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. त्या महिन्यापासून आमच्या जमाखर्चात 'कचरा संकलन' अशी एक नवी ओळ आली. मे महिन्यात निम्मी घरं गावी जातात, त्या घरांनी त्या महिन्याचे पैसे द्यायचे की नाही, यावर अजून एकमत नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आहे, आणि या वेळी मावशींनाही सभेला बोलावलं आहे.